अर्धा इंच

माझ्या दुकानात येतात ती बहुतेक गेलेली माणसं.
आधारकार्डावरून मोठी केलेली,
कोट मागाहून चढवलेला,
तेराव्याच्या आत पाहिजे असतात.
नाहीतर सप्तशृंगी, एखादं मानपत्र,
पोराची पदवी.

फेब्रुवारीत वाचनालयाच्या निकुंभ मॅडम
रिक्षात तेवीस चित्रं घालून आल्या.
सगळी बायांची.
अमळनेरच्या, पारोळ्याच्या, दोन तर पार धडगावकडच्या.
आठ मार्चला वरच्या हॉलात लागणार,
धुळ्याच्या एक प्राध्यापिका बोलणार.
"भाव जरा सांभाळून लावा, सुपडूभाऊ."

फ्रेमवाला आधी चित्राची पाठ बघतो.
पाठीवर होतं
बियाणं कंपनीचं कॅलेंडर, जून महिना,
दुधाचा हिशेब, मध्ये तीन खाडे,
लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती, उलटा.
शबनम पिंजारीनं एक्स-रेच्या पिवळ्या पाकिटावर
पिंजणाची तार काढली होती
आणि तारेवरून उठलेला कापूस,
तो मात्र रंगवला नव्हता, पाकीटच तेवढं खरवडलं होतं.
मी पाकिटावर पेशंटचं नाव वाचलं.
मग पुठ्ठा ठोकून झाकलं.

द्रौपदाबाई भदाण्यांचं चित्र साधंच.
कानबाईच्या रोटांचं दळण झालंय.
घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून घेतलेले गहू
दळून झालेत, जातं उचलून ठेवलंय,
आणि सारवलेल्या जमिनीवर राहिलंय
पिठाचं गोल कडं.
बस. एवढंच.
मी म्हटलं, याला काच कशाला.
तरी घातली.

आठ तारखेला पंखे आवाज करत होते.
पडद्यावर भिंती येत होत्या, भिंतींवर मोर,
कणग्या, तुळस, हळदीचे हात.
प्राध्यापिका म्हणाल्या, हे कुणी काढलं ते आपल्याला माहीत नाही.
पुढच्या चित्रालाही तसंच म्हणाल्या.
मी मागे दाराशी, हातोडी खिशात,
खिळा ढिला झाला तर म्हणून.

द्रौपदाबाई भिंतीपाशी गेली.
चष्मा वर केला, खाली केला.
खालच्या उजव्या कोपऱ्यात काचेवर बोट फिरवलं,
तवा तापला का बघतात तसं.
मग माझ्याकडे आली.
"भाऊ, मन्हं नाव कोठे गयं?"

मला माहीत होतं कुठे गेलं.
पेन्सिलनं लिहिलेलं, एकेक अक्षर सुटं,
द्रौ ला दोनदा खोडलेलं.
माउंट तयार मापाचं होतं, चित्र अर्धा इंच मोठं.
कापताना दिसलं होतं मला.
मी म्हटलं, कोपरा तर आहे.

भर व्याख्यानात चित्र उतरवलं.
खिळा फरशीवर पडला, माना वळल्या.
काखेत चित्र, मागे ती,
जिना उतरून, रसवंती ओलांडून दुकानात.
ती स्टुलावर बसली.
मी ब्लेड बदललं.
ती भिंतीवरच्या माणसांकडे बघत होती,
कै. अमुक, कै. तमुक, जन्म, मृत्यू, हार.
म्हणाली, "यासनं नाव तं शे."
मी पट्टी दाबून धरली आणि कापलं.

परत गेलो तोवर चहा सुरू झाला होता.
रिकाम्या खिळ्याखाली चिठ्ठी तेवढी लटकत होती,
तिच्यावर किंमत, तीनशे रुपये.
चित्र लावलं.
उजवीकडची पट्टी आता बारीक दिसते.
धंद्यातला माणूस लगेच म्हणेल, तिरकं गेलंय.
तिनं दहाची नोट काढली, मी नको म्हटलं,
तिनं ती माझ्या खिशात, हातोडीजवळ कोंबली.

रात्री हॉलची किल्ली माझ्याकडेच होती.
गेंदीबाई पावराच्या चित्रावर नाव शोधलं.
ठिपके, ठिपके, महूचं झाड, ठिपके.
नाव नव्हतं. तिनं घातलंच नसावं.
तरी मागचे चार खिळे काढून
माउंट उचलून
बघितलं.